तुंग वा रुग्णालयात कोण आलं आणि कितव्या दिवशी आलं, हे आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही १८९०च्या दशकातल्या हाँगकाँगवर दीर्घकथा लिहिताय. गोदीवरचा एक चिनी हमाल पाय सुजून तुंग वा या चिनी रुग्णालयात पोचतो. त्याला आजार कोणता असावा, तिथले वैद्य त्याला काय देतील आणि तोच माणूस इंग्रजांच्या सरकारी रुग्णालयात गेला असता तर वाचला असता का, हे तुम्हाला हवंय. शिवाय तुम्ही म्हणता की इंग्रजांच्या लिखाणात ही जागा ‘मरायला नेऊन टाकण्याची’ म्हणून येते, तेव्हा काढे पाजून माणसं मारली असंच दाखवावं का?

मी मुंबईत संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर प्लेगच्या काळातले हाँगकाँगचे आणि मुंबईचे अहवाल वाचतोय. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचे सोपे होतात.

रुग्णालयात माणसं फार मरत होती, एवढ्यावरून तिथला उपचार वाईट होता असं ठरत नाही. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २६ जुलै २००५च्या पुरानंतर ऑगस्टमध्ये आमचा वॉर्ड लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, रुग्णांनी भरला होता. कुर्ल्याच्या एकाच चाळीतले दोन सख्खे भाऊ आले. दोघंही त्याच कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले होते. धाकटा तापाच्या दुसऱ्या दिवशी आला, पोटऱ्या दुखतात म्हणून. थोरला सातव्या दिवशी आला तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि दीड दिवस लघवी नव्हती. वॉर्ड तोच, पेनिसिलिन तेच, डॉक्टर मीच. धाकटा आठवड्याने चालत घरी गेला, थोरला त्याच रात्री गेला. महिन्याच्या शेवटी वरिष्ठांनी ‘तुमच्या वॉर्डात मृत्यू जास्त का’ म्हणून लेखी खुलासा मागितला, तेव्हा मी रजिस्टरचा एकच रकाना दाखवला: दाखल झाल्यापासून चोवीस तासांच्या आतले मृत्यू. निम्म्याहून अधिक त्यात बसत होते. तो रकाना कोणी बघितलाच नव्हता.

तुंग वाकडे त्या रकान्यातून बघा. हे रुग्णालय कसं निघालं? हाँगकाँगच्या ताई पिंग शान या दाट चिनी वस्तीत १८५०च्या दशकात क्वाँग फूक नावाचं एक छोटं देवस्थान उभं राहिलं. परमुलखात मेलेल्यांच्या नावाच्या पाट्या तिथे ठेवत, म्हणजे त्यांच्या आत्म्याला कोणीतरी अगरबत्ती लावील. ज्यांना घर नाही, नातलग नाही, अशी आजारी माणसंही शेवटी तिथेच येऊन पडू लागली. भाड्याच्या खोलीत कोणी मेलं तर बाधा होते, म्हणून घरमालक आसन्नमरण भाडेकरूला बाहेर काढत. १८६९ मध्ये लिस्टर नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने पाहणी केली, तर मेलेले आणि मरत असलेले एकाच खोलीत शेजारीशेजारी सापडले. बोभाटा झाला. गव्हर्नर मॅकडोनल यांनी १८७० मध्ये कायदा केला, जुगाराच्या परवान्यांतून साठलेल्या पैशातून १,१५,००० डॉलर दिले. चिनी व्यापारी, व्यवसायसंघ आणि परदेशी पेढ्यांचे चिनी मुनीम, ज्यांना तिथे काँप्रेडोर म्हणत, त्यांनी वर्गणी जमवली आणि फेब्रुवारी १८७२ मध्ये पो यान रस्त्यावर रुग्णालय उघडलं. उपचार चिनी पद्धतीचे आणि गरिबाला फुकट.

म्हणजे मुळातच या संस्थेवर दोन कामं होती. बरं होण्याजोग्याला बरं करायचं, आणि ज्याला कोणी नाही त्याला छप्पर, शवपेटी आणि माती द्यायची. दुसरं काम चिनी माणसाच्या लेखी पहिल्याइतकंच मोठं होतं. परदेशात मेलेल्यांच्या अस्थी गोळा करून हाँगकाँगलगतच्या ग्वांगडाँग या चिनी प्रांतातल्या त्यांच्या गावी पोचवण्याचं कामही तुंग वाने अनेक दशकं केलं. सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने आलेल्या पेट्या त्यांच्याकडे उतरत. अशा ठिकाणी मृत्यूंचा आकडा मोठा असणार, हे ओघानेच आलं. इंग्रज डॉक्टर तिथे जायचे आणि शेवटच्या घटका मोजणारे रुग्ण बघून परत यायचे. त्यांनी बघितलं ते खोटं नव्हतं. पण सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर कोण येत होतं? पोलिस, खलाशी, सरकारी नोकर, म्हणजे मालकाने पहिल्याच दिवशी पाठवलेला माणूस. या दोघांच्या मृत्यूदराची तुलना करणं म्हणजे त्या दोन भावांची तुलना करण्यासारखं आहे.

आता त्या काळात कोणाच्या हातात खरोखर काय होतं, ते बघू. इथे मी कोणाचीही बाजू घेत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकाकडे १८९०च्या सुमारास ठोस अशा तीन-चारच गोष्टी होत्या. हिवतापावर क्विनीन, भूल देऊन आणि जंतुनाशक वापरून केलेली शस्त्रक्रिया, आणि देवीची लस. मोडलेलं हाड, कुजलेला पाय, मूतखडा, गाठ यांसाठी तुमचा हमाल आला असता तर मी निःसंकोच सांगितलं असतं की त्याला इंग्रजी पद्धतीच्या रुग्णालयात न्या. तिथे तुंग वाच्या वैद्यांकडे तोड नव्हती आणि माणसं त्यापायी मेली, हे स्पष्ट लिहा. अवयव कापलेला देह पूर्वजांकडे अपुरा जातो, ही भावना रुग्णांच्याही मनात होती, त्यामुळे नकार दोन्हीकडून येई. लसीचं मात्र वेगळं आहे. कँटनमध्ये, म्हणजे आजच्या ग्वांगझू शहरात, देवीची लस १८०५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पिअर्सन या सर्जनने आणली, त्याच्या हाताखाली शिकलेल्या चिनी लोकांनी ती पुढे पसरवली, आणि तुंग वा स्वतः लस टोचण्याचं काम करत होतं. (मुंबईत पहिली लस १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, म्हणजे आपण त्यांच्या तीनच वर्षं पुढे.) तेव्हा चिनी वैद्य नवं काही घेतच नव्हते, असं पात्र रंगवू नका.

चिनी वैद्य काय करत? मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघत. आपल्याकडच्या वैद्यांना हे सांगायला नको. जीभ बघत. मग त्या माणसासाठी म्हणून पुडी बांधली जाई: ज्येष्ठमध, दालचिनीच्या काड्या, रेवाचिनी, मा हुआंग अशा द्रव्यांतून निवडून. तिचा काढा उकळून गरम प्यायचा. सुया आणि वाळवलेल्या दवण्याच्या जातीच्या वनस्पतीचे डाग हेही होतं. मा हुआंगमध्ये एफेड्रिन असतं, दम्याच्या माणसाला त्याने खरंच मोकळं वाटतं. हिवतापावर छांगशान नावाचं मूळ देत, त्यात परोपजीवी मारणारं द्रव्य आहे, मात्र उलट्या भयंकर होतात. क्विनीन नक्की सरस, पण काढा म्हणजे नुसतं पाणी नव्हतं.

क्षय, पटकी आणि बेरीबेरी या तिन्हींपुढे दोन्ही बाजू जवळपास सारख्याच हतबल होत्या. प्लेगबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण तुमच्या कथेचं दशक तेच आहे आणि ती गोष्ट आपल्या दारापर्यंत येते.

१८९४ च्या वसंतात कँटनमध्ये प्लेग पेटला होता. ८ मे रोजी हाँगकाँगच्या सरकारी रुग्णालयातला हंगामी प्रमुख जेम्स लॉसन याने पहिला रुग्ण ओळखला. दोनच दिवसांनी तो तुंग वामध्ये गेला, तेव्हा तिथे वीसेक प्लेगचे रुग्ण आधीच पडलेले होते. जांघेत, काखेत गाठी, ताप, बडबड. मग सैनिक घरोघर शिरू लागले, रुग्णांना ओढून बंदरात उभ्या केलेल्या ‘हायजिया’ या जहाजावर नेऊ लागले, घरं चुन्याने धुवू लागले. शहरात अफवा उठली की गोरे डॉक्टर मुलांचे डोळे काढून औषध करतात. लोकांचं म्हणणं एकच होतं: आम्हाला आमच्या रुग्णालयात, आमच्या वैद्यांकडे मरू द्या. मग केनेडी टाउनमधल्या काचेच्या कारखान्यात तुंग वाच्या हवाली एक प्लेग रुग्णालय दिलं गेलं, आणि पुढे रुग्णांना पडावांतून कँटनकडे जाऊ द्यावं लागलं.

उपचाराचं म्हणाल तर हायजियावर ब्रँडी, डोक्यावर बर्फ आणि वेदनेला मॉर्फिन. ग्वांगडाँगचे वैद्य प्लेगला ‘उंदरांची साथ’ म्हणत, कारण माणसांआधी उंदीर मरतात हे त्यांनी नीट टिपलं होतं. रक्त साकळलं आहे, ते हलवायचं, या विचाराने ते पीचच्या बियांचा गर आणि करडईची फुलं घातलेला काढा देत. आज मला विचाराल तर यातल्या कशानेच प्लेगचा जंतू मरत नाही. त्यावर गुणकारी औषध यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. चिनी रुग्णांत शंभरातले नव्वदहून जास्त मेले. युरोपियन अकराच होते, त्यातले दोन मेले. हा फरक ब्रँडीचा नव्हे. अकरा जणांवरून मी कुठलाच निष्कर्ष काढणार नाही. शिवाय चिनी आकड्यात दडवून ठेवलेले, उशिरा सापडलेले रुग्ण आहेत. जितकी सक्ती, तितकं लपवणं; जितकं लपवणं, तितका उशीर.

त्याच जूनमध्ये प्लेगचा जंतू शोधायला जपानचा किटासाटो आणि फ्रेंचांचा येर्सां हे दोघं जंतुशास्त्रज्ञ तिथे पोचले. येर्सांला शवागारात प्रवेश मिळेना, तेव्हा त्याने प्रेतं पुरायला नेणाऱ्या खलाशांना पैसे देऊन गाठीतला पू मिळवला आणि गवताच्या झोपडीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहिला. दोन वर्षांनी प्लेग मुंबईत आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत तो ओळखला गोव्याच्या डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी. १८९७ मध्ये तोच लॉसन मुंबईत प्लेगच्या कामावर आला, आणि येर्सांही आपलं सीरम घेऊन आला. त्याचा इथे फारसा उपयोग झाला नाही. हाँगकाँगला जे डोळ्यांच्या अफवेत होतं, तेच आपल्याकडे मोमियाईच्या, म्हणजे माणसं मारून त्यांच्या देहातून औषध काढतात या, अफवेत आलं. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुण्याचं तुम्हाला ठाऊक आहेच. आणि तोडगाही तोच निघाला: जातीजमातींना आपापली प्लेग रुग्णालयं काढू दिली, पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय चालवलं. आपली वर्तमानपत्रं तेव्हा या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. ज्या मराठी वाचकाला हे माहीत आहे, त्याला तुंग वाच्या दारातली गर्दी परकी वाटणार नाही. हा धागा कथेत वापरता आला तर बघा.

प्लेगनंतर तुंग वावर टीकेची झोड उठली. १८९६ मध्ये चौकशी आयोग बसला. रुग्णालय बंद करावं असं म्हणणारे होते, पण ते झालं नाही. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले चिनी डॉक्टर चुंग किंग-यू तिथे निवासी म्हणून नेमले गेले, आणि रुग्णाला दोन पद्धतींतून एक निवडता येऊ लागली. मला वाटतं हा निर्णय शहाणपणाचा होता. चिनी माणसाने चिनी भाषेत विचारलं की पाश्चात्त्य औषध लोक घेतात, हे १८८७ मध्ये हाँगकाँगचे चिनी डॉक्टर हो काई यांनी आपल्या इंग्रज पत्नीच्या स्मरणार्थ उभारलेल्या ॲलिस मेमोरियल रुग्णालयाने आधीच दाखवलं होतं. तुमची कथा १८९४ ची की १८९८ ची, हे म्हणून फार महत्त्वाचं आहे. आधीची असेल तर तुमच्या हमालाला तुंग वामध्ये निवडच नाही.

आता त्याचे पाय. पाय सुजण्याची कारणं अनेक, आणि मी त्याला तपासलेलं नाही. मूत्रपिंड, जंत आणि रक्तक्षय, हृदय, काहीही असू शकतं. पण तरुण, एकटा, गोदीवरचा, महिनोन्‌महिने भात आणि खारवलेल्या मासळीच्या तुकड्यावर राहणारा हमाल म्हटला, की माझी पहिली पैज बेरीबेरीवर. तिथले वैद्य तिला ‘पायाचा वारा’ अशा अर्थाच्या नावाने शतकानुशतकं ओळखत होते. घोट्यापासून सूज चढते, पोटऱ्या दाबल्या तर कळवळतो, उकिडवं बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही. हे उकिडवं बसवून बघणं तुमच्या प्रसंगात जरूर घाला, दोन ओळींत आजार डोळ्यांपुढे उभा राहील. शेवटी हृदय फुगतं आणि रात्री अचानक धाप लागून माणूस जातो.

कारण ब१ जीवनसत्त्वाचा अभाव. सयाम आणि सायगावच्या वाफेवरच्या गिरण्यांतून येणारा पांढराशुभ्र तांदूळ स्वस्त झाला आणि कोंड्याबरोबर हे जीवनसत्त्व निघून गेलं. मलायात हे फार स्पष्ट दिसलं. पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने मरत होते, शेजारी काम करणाऱ्या तमिळ मजुरांना ती क्वचित होई, कारण ते उकडा तांदूळ खात. साळ टरफलासकट उकडली की कोंड्यातलं ब१ दाण्यात उतरतं, मग कांडली तरी राहतं. कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या घरी सकाळी उकड्या तांदळाची पेज असते, त्यांना मी हे वेगळं काय समजावू! १९०५ मध्ये क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात फ्लेचर या डॉक्टरने अर्ध्या लोकांना पांढरा आणि अर्ध्यांना उकडा तांदूळ देऊन हे दाखवलं. पांढऱ्या तांदळाच्या बाजूला माणसं आजारी पडली, मेली. उकड्याच्या बाजूला नव्याने कोणाला झालं नाही. पण तुमची कथा त्याच्या आधीची आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या कुठल्याच डॉक्टरला हे माहीत नव्हतं.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: इंग्रजांच्या रुग्णालयात तो वाचलाच असता, असं मला म्हणवत नाही. तिथे डिजिटॅलिस हे हृदयाचं औषध आणि जुलाब मिळाले असते. आहारात पाव, मटण किंवा डाळी आल्या असत्या तर फायदा झाला असता, कोणाच्याही ध्यानात न येता. मी एकदा दारूच्या व्यसनातल्या एका रिक्षावाल्याला असंच पाहिलंय. पाय खांबासारखे, धाप, लघवी वाढवण्याची औषधं देऊन दमलो. रात्री ब१ चं इंजेक्शन दिलं. सकाळी आयाबाई म्हणाली, साहेब, रात्रीत दोनदा बाटली रिकामी केली. तो आडवा होऊन झोपला होता, पाच दिवसांत पहिल्यांदा. इतक्या थोडक्या वस्तूवर जीव अडकलेला असतो.

तुंग वामध्ये मात्र एक वाट होती जी मला कथेसाठी फार चांगली वाटते. सूज उतरवायला चिनी वैद्य बारीक लाल चवळीसारखे दाणे शिजवून खायला सांगत, अझुकी म्हणतात त्यांना. त्यांची कल्पना पाणी काढण्याची होती, पण त्या दाण्यांत ब१ असतं. आणि निराधारांना गावी परत पाठवण्याची व्यवस्था तुंग वा करत असे. गावी गेल्यावर उखळात कांडलेला, कोंडा राहिलेला भात आणि भाजी. तेव्हा तो कितव्या दिवशी आला, ते आधी ठरवा. छातीत पाणी भरून रात्री उचलून आणला असेल, तर सकाळपर्यंत तो जाईल, कोणत्याही रुग्णालयात. सूज गुडघ्यापर्यंतच असेल, उकिडवं बसून हाताच्या आधाराने का होईना उठत असेल, तर शेजारच्या खाटेवरच्याला आपल्या वाटणीचा पांढरा भात देऊन त्याला रोज ती लाल दाण्यांची पेज पिऊ द्या, आणि दहाव्या दिवशी पोटरी दाबून बघणाऱ्या वैद्यालाच चकित होऊ द्या.